कोऱ्या रात्रींचाही पगार: कोकणातल्या हंगामी वन्यजीव-कामाबद्दल

प्रश्न थोडक्यात असा आहे. गुहागर तालुक्यातल्या एका मुलीने यंदा प्राणिशास्त्रात बी.एस्सी. केलं. तिला वन्यजीवांच्या अभ्यासात काम करायचंय, पण इतक्यात कोकण सोडायचं नाही. शोधायला गेलं की सगळीकडे ‘स्वयंसेवक पाहिजेत’ एवढंच दिसतं, काही ठिकाणी तर आपणच पैसे भरून काम करायचं. पगार देणारं हंगामी काम इथे खरंच असतं का, एम.एस्सी. आधी करावं की नंतर, आणि घरी काय सांगायचं, असं तिने विचारलंय.

तुला अगं-तुगं करते आहे, कारण तू माझ्या भाचीच्या वयाची आहेस. मी २००५ च्या नोव्हेंबरात कासवांच्या कामासाठी पहिल्यांदा पुळणीवर उतरले. सुरुवातीची वर्षं दुसऱ्यांनी नेमलेली हंगामी माणूस म्हणून काढली, गेली दहा-बारा वर्षं मीच माणसं नेमते. पगाराचा विषय काढताना होणारा संकोच मला ठाऊक आहे, आणि महिनाअखेरीला चार जणांचा पगार कुठून काढायचा हा घोरही ठाऊक आहे.

काम मिळतं, आणि पगारी मिळतं. मात्र कोकणात ते बारमाही नोकरीच्या रूपात क्वचितच येतं. आंब्याच्या बागेला राखण्या जसा मोहोरापासून आगोटीपर्यंतच लागतो, तसं हे काम ठरावीक महिन्यांत आणि ठरावीक जागी निघतं. म्हणून आधी वर्ष कसं फिरतं ते समजून घे. जाहिराती त्या मागोमाग आपोआप दिसायला लागतील.

तुझ्या दारातलं काम आधी घेते. ऑलिव्ह रिडले कासवाच्या माद्या साधारण नोव्हेंबर ते मार्च अंडी घालायला येतात आणि घरट्यातून पिल्लं निघायला ४५ ते ६० दिवस लागतात, म्हणजे काम मेपर्यंत चालतं. वेळास, केळशी, आंजर्ले, कोळथरे, गुहागर, गावखडी, खाली सिंधुदुर्गात वायंगणी, तांबळडेग. वेळासला चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने २००२ मध्ये सुरुवात केली, पुढे वनविभाग आला, कांदळवन प्रतिष्ठान (खारफुटी आणि किनाऱ्यावरच्या जिवांसाठीची राज्य सरकारची संस्था) आलं. गावोगाव घरटी राखणारे जे कासवमित्र आहेत त्यांना हंगामापुरतं मानधन मिळतं. त्यांच्या जोडीला नोंदी ठेवणारं, मापं घेणारं, हॅचरीतलं, म्हणजे अंडी आणून जपतात त्या कुंपणातलं, तापमान लिहिणारं आणि चार गावांची आकडेवारी एकत्र करणारं एक शिकलेलं माणूस लागतं. तुझ्यासाठी पहिली जागा ती आहे.

ऑक्टोबर ते मार्च खाड्या आणि खाजणांवर तुतवार, चिखले, कुरव उतरलेले असतात. जानेवारीत आशियाई पाणपक्षी गणना होते. ती मुख्यतः स्वेच्छेची असते, पण त्याच खाड्यांवर दीर्घकाळ चालणारे पगारी प्रकल्पही असतात. उत्तरेला ठाणे खाडीत, जिचा काही भाग २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य आणि २०२२ मध्ये रामसर स्थळ (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) झाला, तिथे बीएनएचएसचं (बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचं) पक्ष्यांना कडी घालण्याचं आणि मोजणीचं काम वर्षानुवर्षं चालू आहे. मालवणच्या बाजूला दोन प्रकारची कामं निघतात: होडीतून डॉल्फिनचा माग घेणं, आणि पहाटे बंदरावर उभं राहून होड्यांतून उतरणाऱ्या मासळीतले मुशी, वाघळी, पाखटं, म्हणजे शार्क आणि त्यांच्या जातीचे चपटे मासे, मोजणं. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते, तेव्हा बंदरावरचं काम थांबतं आणि त्या लोकांना संगणकावर आकडे भरायला बसवतात. वर घाटमाथ्यावर कॅमेरा ट्रॅपचं (जनावर समोर आलं की आपोआप फोटो काढणाऱ्या कॅमेऱ्यांचं) काम हिवाळा-उन्हाळ्यात निघतं. देशभरातली वाघगणना दर चार वर्षांनी होते, त्या वर्षी जरा जास्तच.

आणि मग पावसाळा. यावर मी थोडी रेंगाळणार आहे, कारण तुझी खरी संधी इथे आहे असं मला वाटतं.

रत्नागिरी, राजापूर, देवगडचे सडे, म्हणजे कातळाची पठारं, एप्रिलमध्ये बघितलेस तर नुसता काळा-तांबडा कातळ दिसतो. सरकारदरबारी अशा जमिनीची नोंदही पडीक म्हणूनच असते. जूनचे पहिले दोन-तीन पाऊस झाले की त्याच कातळावर दीपकाडी फुलते, मग बोटभर मातीत गेंद, सीतेची आसवं, खळग्यांतल्या पाण्यात बेडकांची अंडी. सप्टेंबरअखेर सगळं आटोपतं. आता लक्षात घे: प्रकल्पांना पर्यावरणीय मंजुरी देताना २००६ च्या अधिसूचनेनुसार जो आधारभूत अभ्यास मागतात, तो बहुतेक वेळा पावसाळा सोडून एका हंगामाचा असतो. म्हणजे सडा जिवंत असतो ते चार महिने त्या अहवालात येतच नाहीत. मार्चमध्ये येऊन ‘विरळ वनस्पती’ असं लिहून गेलेले अहवाल मी वाचले आहेत, आणि त्या सड्यावर ऑगस्टमध्ये उभी राहून रडलेही आहे.

पावसात काम करायला माणूस मिळत नाही. पुण्या-मुंबईची मुलं जूनला परत जातात. निसरडा कातळ, दिवसभर ओले बूट, रात्री वीज नाही, आठवडाभर कपडे वाळत नाहीत. ज्यांना सड्यावरच्या वनस्पती, बेडूक, पाली यांचा अभ्यास करायचाय ते संशोधक दर मे महिन्यात ‘तिकडचं कोणी आहे का’ असं विचारत असतात. तुझं घर तिथे आहे, तुला पावसाची भीती नाही. नोव्हेंबर ते मे कासव आणि जून ते सप्टेंबर सडा, असं वर्ष लावलंस तर बारातले दहा-अकरा महिने पगारात जातात. माझ्या हाताखाली काम केलेल्या दोघी असंच वर्ष लावतात आणि दोघीही स्वतःच्या घरून कामावर जातात.

आता पैशांचं स्पष्ट बोलते, कारण आपल्या क्षेत्रात ते कोणी स्पष्ट बोलत नाही.

केंद्र सरकारच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाच्या जुलै २०२० च्या आदेशात संशोधन प्रकल्पांवरच्या माणसांचे दर ठरवून दिले होते, त्यानंतर ते बदललेत का ते आधी बघून घे. बी.एस्सी. झालेल्या फील्ड असिस्टंटला महिना २०,००० रुपये आणि घरभाडं. एम.एस्सी. झालेल्या प्रोजेक्ट असोसिएट-१ ला २५,०००, आणि नेट किंवा गेट ही देशपातळीवरची पात्रता परीक्षा उत्तीर्ण असेल तर ३१,०००, त्यावर घरभाडं. नेट करून फेलोशिप मिळवलेल्या ज्युनिअर रिसर्च फेलोला १ जानेवारी २०२३ पासून ३७,०००. सरकारी पैशांवर चालणाऱ्या प्रकल्पाची जाहिरात दिसली की तिचा आकडा या आकड्यांशेजारी ठेवून बघ. देहरादूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेच्या किंवा एखाद्या विद्यापीठाच्या प्रकल्पावर साधारण याच चौकटीत पगार येतो.

स्वयंसेवी संस्थांना हे दर बंधनकारक नाहीत. काही संस्था याहून बरं देतात, बऱ्याच कमी देतात. कमी असेल तर राहणं-जेवण धरून आहे का ते विचार, कारण खोलीचं भाडं आणि दोन वेळचं जेवण तुझ्या खिशातून जाणार असेल तर बारा हजारांतले हातात किती उरतात ते बोटांवर मोजता येतं. तिसरे म्हणजे पर्यावरण सल्लागार कंपन्या. त्या दिवसाच्या हिशेबाने देतात आणि दिवसाचा दर चांगला असतो. ते काम वाईट आहे असं मी म्हणणार नाही, कारण तिथे चांगला माणूस बसला तर अहवालात खरं उतरतं. पण सही करण्याआधी एक गोष्ट विचार: मी दिलेली प्रजातींची यादी अहवालात जशीच्या तशी जाईल का, आणि अंतिम अहवाल मला बघायला मिळेल का. उत्तर टाळलं गेलं तर ते काम घेऊ नकोस.

‘मानधन’ आणि ‘पगार’ या दोन शब्दांकडे नीट बघ. गावातला कासवमित्र आपली शेती, होडी, नोकरी सांभाळून सकाळ-संध्याकाळ किनाऱ्यावर जातो, त्याला मानधन हा शब्द ठीक आहे. ज्या माणसाची रात्रन्‌दिवस त्या कामावरच बांधणी आहे त्याला मानधन देऊ करत असतील तर काम पूर्णवेळ आणि मोबदला अर्धवेळ असा तो व्यवहार असतो. आणि पैसे भरून करायच्या स्वयंसेवेबद्दल: आठवडा-पंधरा दिवस कुठे जाऊन राहिलीस, जेवण-राहणं त्यांनी दिलं, तुला घरटं ओळखायला शिकवलं, तर ते शिक्षण आहे, जरूर जा. तीन महिने रोजची गस्त तुझ्याकडून फुकट घालून घेत असतील तर एका पगारी माणसाची जागा तू भरते आहेस. तुझ्यामागून येणाऱ्या, घरची परिस्थिती नसलेल्या मुलीची जागा त्याने जाते. माझं याबाबतचं मत कठोर आहे आणि ते बदलेल असं वाटत नाही.

आता जे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते.

माझा दुसरा की तिसरा हंगाम असेल. एक किनारा एकटीकडे दिला होता. मी जीव तोडून काम केलं. घरटं मिळालं की तारीख, वेळ, अंड्यांची संख्या, भरतीरेषेपासूनचं अंतर, वाळूचा ओलावा, सगळं सुवाच्य अक्षरात. मे महिन्यात वही घेऊन मार्गदर्शक बाईंकडे गेले. त्यांनी वही चाळली आणि विचारलं, “किती रात्री चाललीस?” मला सांगता येईना. ज्या रात्री काही मिळालं नाही त्या रात्री मी काहीच लिहिलं नव्हतं. आजारी होते म्हणून गेले नाही त्या रात्रीही वही कोरी, आणि सहा किलोमीटर चालून रिकाम्या हाताने परत आले त्या रात्रीही वही कोरी. दोन्हींत फरक करायला काही साधनच उरलं नव्हतं. त्या हंगामात घरटी कमी झाली की माझं चालणं कमी झालं, याचं उत्तर आता कोणालाही देता येणार नाही. एक अख्खा हंगाम असा गेला.

तेव्हापासून नवीन मुलांना पहिल्या दिवशी मी हेच शिकवते. तारीख लिही, निघालीस ती वेळ लिही, पोचलीस ती वेळ लिही, सोबत कोण होतं ते लिही, आणि पुढे स्पष्ट लिही: घरटं शून्य, माग शून्य. त्या शून्यासाठी तुला पगार मिळतो. घरटं काय, गावातल्या पहाटे फिरायला जाणाऱ्या कोणालाही सापडेल. शंभर रात्रींत ऐंशी वेळा तेच अंतर चालून ऐंशी वेळा खरं शून्य लिहिणारं माणूस मिळत नाही, आणि संशोधन त्या माणसावर उभं असतं.

यातूनच पगाराचा एक नियम निघतो. मोजणीच्या कामाचा मोबदला रात्रींवर किंवा महिन्यावर मिळाला पाहिजे, घरट्यांवर नव्हे. घरट्यामागे अमुक रुपये अशी बक्षिसी संरक्षणासाठी चालते. अंडी विकली जात होती त्या काळात ती राखणाऱ्याला काहीतरी मिळणं योग्यच होतं. पण ज्याच्या आकड्यांवरून तू कासवं वाढली की घटली हे ठरवणार आहेस, त्याचं पोट आकड्यावर ठेवलंस तर माणूस कितीही सच्चा असो, पाऊल आपोआप जिथे घरटी जास्त सापडतात तिकडेच वळतं, आणि रिकाम्या टोकाला कोणी जात नाही. तुला कोणी ‘घरट्यामागे’ असं काम देऊ केलं तर विनयाने सांग की मला रात्रीप्रमाणे द्या.

अशा रोजच्या चालण्यातून काय हाती लागतं त्याचं उदाहरण तुझ्याच किनाऱ्यावरचं आहे. २०२५ च्या जानेवारीत गुहागरला अंडी घालायला आलेल्या एका मादीच्या परावर (वल्ह्यासारख्या पायावर) धातूचा टॅग होता, क्रमांक ०३२३३. तो २०२१ मध्ये ओडिशाच्या किनाऱ्यावर लावलेला होता. पूर्व किनाऱ्यावरची मादी पश्चिम किनाऱ्यावर येऊन अंडी घालते हे त्या एका क्रमांकावरून कळलं. त्याआधी २०२२ आणि २०२३ मध्ये भारतीय वन्यजीव संस्था आणि कांदळवन प्रतिष्ठानने आपल्या किनाऱ्यावरच्या माद्यांना उपग्रह टॅग लावले होते. त्यातली गुहागरची बागेश्री खाली श्रीलंकेला वळसा घालून बंगालच्या उपसागरात गेली. उपग्रहाचं यंत्र महाग असतं आणि बोटांवर मोजण्याइतक्या कासवांना लावता येतं. धातूचा टॅग स्वस्त असतो, पण तो वाचायला त्या रात्री, त्या जागी कोणीतरी जागं असावं लागतं.

नेमताना मी काय बघते तेही सांगते. टक्के शेवटी बघते. दुचाकी चालवता येते का आणि परवाना आहे का हे आधी बघते, कारण गावखडीला रात्री दोन वाजता एसटी नसते. मग भरती-ओहोटी कळते का. आपल्याकडचे जुने लोक तिथीची पाऊणपट करतात. आज चतुर्थी असेल तर चाराची पाऊणपट तीन, म्हणजे तीनच्या सुमारास पूर्ण भरती, दुपारी आणि साधारण तशीच रात्रीही. अष्टमीला सहा. पौर्णिमा-अमावस्येला उधाण, अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे पाण्याचा चढ-उतार सगळ्यात कमी. काम करताना अर्थात छापील तक्ता वापरायचा, पण हा हिशेब जिच्या तोंडी आहे ती मुलगी कुठल्या खडकाआड कधी अडकायला होईल हे ओळखून असते. तिसरं, स्थानिक नावं. होडीवरचा तांडेल तुला लॅटिन नाव सांगणार नाही, तो मुशीला मोरी म्हणेल, वाघळी म्हणेल, आणि एकेका नावाखाली तीन-चार प्रजाती असतील. त्या उलगडणं हे तुझं काम. बाहेरून आलेल्या माणसाला ही भाषा लागायला दोन हंगाम जातात, तुझ्याकडे ती आहे. अर्जात हे लाजत न लिहिता ठळक लिही.

बाकीचं शिकता येतं. पेन्सिलने लिहायची सवय, कारण शाई ओल्या कागदावर पसरते. रोज रात्री झोपण्याआधी वहीतलं संगणकात भरणं आणि वहीच्या पानाचा फोटो काढून ठेवणं. एक्सेल नीट, नकाशे करायचं क्यूजीआयएस थोडंसं. आणि हात हलका असणं: अंडी घातल्यावर काही तासांतच आतला गर्भ कवचाला चिकटतो, त्यानंतर अंडं उलटंसुलटं झालं की पिल्लू मरतं. म्हणून हॅचरीत हलवताना घाई आणि हळुवारपणा दोन्ही एकदम लागतात. खड्डा मादीने केला होता तेवढाच खोल, तळाशी रुंद आणि तोंडाशी अरुंद, मडक्यासारखा. त्यात वाळूचं तापमान पिल्लू नर होणार की मादी हे ठरवतं, जास्त उष्ण वाळूत माद्या जास्त. हॅचरीवर सावलीचं जाळं कधी लावायचं हा निर्णय त्यामुळे साधा नसतो, आणि तो अनुभवी माणसाला विचारल्याशिवाय एकटीने घ्यायचा नाही.

कामाला हो म्हणण्याआधी दोन कागद माग. पहिला नेमणुकीचा: महिन्याची रक्कम, कोणत्या तारखेला, पेट्रोल कोणाचं, खोली कोणाची, आठवड्याला सुट्टी किती, आजारी पडलीस तर काय, आणि तुझ्या नोंदींवर काही छापून आलं तर तुझं नाव कुठे येईल. हे मी अनुभवाने सांगते. एका संस्थेत मला सलग चार महिने पगार मिळाला नव्हता. वरून अनुदानाचा हप्ता आला नाही, थोडी कळ काढ, एवढंच उत्तर मिळायचं. माझ्याकडे एक ओळीचाही कागद नव्हता. खानावळवाल्या काकूंनी उधारीवर जेवू घातलं म्हणून तो हंगाम पुरा झाला. तो पगार पुढे मिळाला, पण अर्धाच. आता मी स्वतः माणूस नेमते तेव्हा पहिल्या दोन महिन्यांचे पैसे खात्यात आल्याशिवाय कोणाला घराबाहेर काढत नाही.

दुसरा कागद परवानगीचा. ऑलिव्ह रिडले वन्यजीव (संरक्षण) कायदा, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहे. तिला, तिच्या अंड्यांना हात लावणं हे वनविभागाच्या देखरेखीखाली किंवा मुख्य वन्यजीव रक्षकांच्या लेखी परवानगीनेच होतं. ती परवानगी संस्थेने काढायची असते, पण रात्री अंड्यांची पिशवी हातात असताना वनरक्षक भेटला तर उत्तर तुला द्यायचं आहे. प्रत मागून घे आणि प्लास्टिकमध्ये घालून पाठपिशवीत ठेव. ‘परवानगी होईल, तू सुरू कर’ असं कोणी म्हणालं तर सुरू करू नकोस.

तब्येतीचं थोडक्यात, पण मनावर घे. सड्यांवर फुरसं फार, तेही दगडाखाली आणि गवताच्या बुंध्याशी. घोट्यावर येणारे बूट आणि दगड हाताने न उचलता काठीने उलटणं, हे दोन नियम मोडायचे नाहीत. फुरसं, घोणस, नाग, मण्यार या चौघांवर आपल्याकडचं प्रतिसर्पविष चालतं, म्हणून दंश झाला तर बांधाबांध, कापाकापी न करता १०८ ला फोन करून थेट ग्रामीण रुग्णालय. ते तुझ्या कामाच्या जागेपासून किती मिनिटांवर आहे हे पहिल्याच दिवशी जाऊन बघून ये. पावसात पायाला जखम असेल तर साचलेल्या पाण्यात उतरू नकोस. अशा पाण्यातून होणारा लेप्टोचा ताप कोकणात दर पावसाळ्यात माणसं नेतो. तो टाळायची गोळी घ्यायची की नाही हे डॉक्टरला विचार. दोडामार्ग-बांदा भागात काम मिळालं तर गोचिडीपासून होणाऱ्या माकडतापाची चौकशी आरोग्य केंद्रात कर, २०१६ पासून तिथे त्याचे रुग्ण निघाले आहेत आणि त्याचा जोर डिसेंबर ते मे असतो. मेलेलं माकड दिसलं तर जवळ न जाता कळव. आणि आजच बँकेत जाऊन प्रधानमंत्री सुरक्षा विमा काढ, वर्षाला २० रुपये, अपघाती मृत्यूला २ लाखांचं संरक्षण. संस्था वेगळा विमा काढत असली तरी हा असू दे.

एम.एस्सी. आधी की नंतर? माझं उत्तर: आधी दोन हंगाम, मग एम.एस्सी. पुण्याच्या गरवारे महाविद्यालयात जैवविविधतेचा अभ्यासक्रम आहे, बंगळुरूच्या एनसीबीएस या जीवशास्त्राच्या राष्ट्रीय संशोधन केंद्रात वन्यजीवशास्त्र आणि संवर्धनाचा आहे, तिथे प्रवेश परीक्षा कठीण असते आणि मुलाखतीत फील्डवर काय केलंस हेच विचारतात. दोन हंगामांच्या वह्या घेऊन गेलेली मुलगी तिथे वेगळी दिसते. शिवाय तुला कासव आवडतं की सड्यावरचं बेडूक की नुसतेच आकडे, हे तुझं तुला कळलेलं असतं. पण दोनाचे पाच हंगाम होऊ देऊ नकोस. पदव्युत्तर पदवीशिवाय फील्ड असिस्टंटच्या वर चढता येत नाही, आणि पस्तिशीत गुडघे बोलायला लागतात तेव्हा ते जाणवतं. आमच्यातली दोन अतिशय तयार मुलं अशीच अडकली. त्यांना वेळेवर ढकललं नाही याची खंत मला आहे.

घरच्यांचा प्रश्न तू शेवटी विचारलास, पण मला वाटतं तोच तुला जास्त टोचत असणार. रात्रीची गस्त म्हटलं की आई-वडील घाबरतात, आणि त्यात त्यांचं चुकत नाही. रात्री एकटीने किनारा चालायचा नाही, हा माझ्याकडे नियम आहे, मुलगा असो की मुलगी. सोबत गावातला कासवमित्र, ज्याचं घर, ज्याची माणसं तुझ्या घरच्यांना ठाऊक आहेत. निघताना आणि परतल्यावर एक संदेश. संस्था असा नियम लेखी देत नसेल तर तिथे जाऊ नकोस, पगार कितीही असो. आणि वडिलांना समजवण्यापेक्षा त्यांना एकदा पहाटे घेऊन ये. फेब्रुवारी-मार्चमध्ये हॅचरीतली टोपली उचलली की खाली पिल्लं वळवळत असतात आणि दोन मिनिटांत ती पाण्याकडे निघतात. माझे वडील माझ्या चौथ्या हंगामात पहिल्यांदा आले. परत जाताना त्यांनी पगाराबद्दल काही विचारलं नाही, पुढची पिल्लं कधी निघणार एवढंच विचारलं.

आता कामाला लाग. कासवांच्या नेमणुका सप्टेंबर-ऑक्टोबरात होतात, सड्याच्या एप्रिल-मेमध्ये. बीएनएचएस, भारतीय वन्यजीव संस्था, कांदळवन प्रतिष्ठान यांच्या संकेतस्थळांवरची भरतीची पानं दर सोमवारी उघडून बघ. त्याशिवाय ज्यांचं काम तुला आवडतं त्या संशोधकांना थेट पत्र लिही: एक पान, मराठीत विचार करून मग इंग्रजीत, कुठे राहतेस, कोणते महिने पूर्ण मोकळी आहेस, गाडी चालवतेस, कोणते किनारे पायी माहीत आहेत. सोबत नमुना म्हणून नोंदींची पंधरा दिवसांची वही जोड. आजपासूनच घराजवळच्या खाडीवर रोज एकाच वेळी अर्धा तास बसून पक्षी मोज, ज्या दिवशी काही नसेल त्या दिवशीचं शून्य धरून. पंधरा पानं झाली की त्यांचे फोटो मला पाठव, पत्राचा मसुदाही पाठव. गणपतीच्या आधी पाठवलंस तर मी दोन्ही वाचून, खुणा करून परत करेन.